ऑपरेटरबाईंच्या खोलीतला राऊटर

तारमास्तरांची छत्तीस वर्षांची नोकरी लोकांच्या घरांतल्या कोपऱ्यांत गेली. कपाटामागे, पलंगाखाली, टीव्हीच्या पाठीशी वायरींचा जो गुंता असतो आणि ज्यात घरची माणसंही कधी हात घालत नाहीत, तिथे मास्तर आडवे पडलेले असायचे. आधी त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग इंटरनेटच्या. ‘मास्तर’ ही पदवी कुठल्या शाळेने दिलेली नव्हती. एकच गोष्ट तीन-तीनदा समजावून सांगायची खोड होती, त्यावरून कामावरच्यांनी ठेवलेलं नाव ते. निवृत्तीला आठ महिने उरले होते. गुडघे मात्र आधीच निवृत्त होऊन बसले होते, आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर ते दोन्ही मिळून मास्तरांना त्याची आठवण करून द्यायचे.

दिवसाला नऊ घरं आणि प्रत्येक घरात एक रागावलेलं माणूस, असा त्यांचा हिशेब होता. लोकांचं इंटरनेट बंद पडलं की लोक असे बघतात, जणू तुम्हीच रात्री येऊन ते चोरून नेलंय. मास्तर कोणावर चिडत नसत. सहनशील वगैरे होते म्हणून नव्हे. चिडायला जो जोर लागतो तो संध्याकाळपर्यंत पुरवून वापरावा लागायचा. संध्याकाळी घरी जायचं असायचं, आणि घरी बायको आजारी होती.

बायको म्हणजे ऑपरेटरबाई. एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या कानाला यंत्र लावून बसायच्या आणि मास्तर खालच्या मजल्यावर तारा तपासायचे. खालून मास्तर विचारायचे, “ऐकू येतंय का?” आणि वरून बाई म्हणायच्या, “येतंय हो, बहिरी नाही मी.” या दोन वाक्यांवर सगळं जमलं, असं बाई सगळ्यांना सांगत. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मास्तर त्यांना घरात ‘ऑपरेटरबाई’च म्हणायचे, आणि बाई त्यांना ‘अहो’. जीभ मात्र बाईंची तिखट. आजारपणाने डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मास्तरांना ते कोणाला उद्देशून म्हणाले ते नीट कळलं नाही.

सात महिन्यांपूर्वी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला बाई स्वयंपाकघरात पडल्या आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथेच पडून राहिल्या. मास्तर घरी आले तेव्हा नळ चालू होता. लवकर आणलं असतं तर डावी बाजू वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते अगदी सहज बोलून गेले, पण मास्तरांच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं ते बसलंच. त्या सकाळी बाईंनी दोनदा फोन लावला होता. मास्तर तेव्हा खांबावर होते, दातांत वायर, एका हातात पक्कड, खाली ग्राहक घड्याळाकडे बघत उभा. खिशातून फोन काढला, नाव बघितलं, कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. नंतर करू म्हणाले आणि विसरले. डॉक्टरांना, लेकीला, कामावरच्या साहेबांना, शुद्धीवर आल्यावर बाईंनाही त्यांनी सांगितलं, “रेंज नव्हती.” तेव्हापासून ते वाक्य त्यांच्याबरोबर नऊ घरं हिंडत होतं.

रजा सगळी दवाखान्यात संपली. सकाळी आठ ते दहा एक मावशी यायच्या, बाईंची आंघोळ, खाणं-पिणं बघायच्या आणि जायच्या. दहानंतर बाई एकट्या. मास्तर दर तासाला फोन करायचे.

“बरी आहेस ना?”

“बरी आहे. कामाला लागा.”

पण त्या सकाळीही निघताना विचारल्यावर त्या ‘बरी आहे’च म्हणाल्या होत्या. त्यामुळे या शब्दावरचा मास्तरांचा विश्वास साफ उडाला होता. त्यांना आता ऐकायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून त्यांनी एका ग्राहकाने काढून टाकलेला जुना कॅमेरा आणला, पुसला आणि बाईंच्या खोलीत कपाटावर बसवला.

बाजारात हल्ली असे कॅमेरे मिळतात की फोनवर एक बटण दाबलं की झालं. पण त्यातलं चित्र आधी कुठल्या तरी परक्या कंपनीच्या मशीनवर जातं आणि मग आपल्याकडे येतं. आजारी बायकोची खोली अशी जगाच्या वाटेवरून फिरून यावी हे मास्तरांना पटेना. त्यांना चित्र सरळ घरातून आपल्या फोनवर हवं होतं, मध्ये कोणी नको. याला त्यांच्या धंद्यात ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. म्हणजे राऊटरला सांगून ठेवायचं, की बाहेरून अमुक नंबरच्या दारावर कोणी टकटक केली तर त्याला आत या कॅमेऱ्याकडे सोड; एरवी राऊटर बाहेरच्या कोणालाच आत घेत नाही. मास्तरांनी हे काम लोकांच्या घरी शेकड्याने केलेलं होतं. दुकानदारांची, शाळांची, एका दातांच्या डॉक्टराची अशी दारं त्यांनी उघडून दिली होती. स्वतःच्या घरी ते दहा मिनिटांचं काम होतं.

एका संध्याकाळी ते त्यांनी केलं. खोलीतल्या राऊटरमध्ये नियम लिहिला, पलंगाशेजारी उभं राहून फोन उघडला आणि त्यात बाई दिसल्या. पलंगावर बसून त्यांच्याकडेच बघत असलेल्या.

“कशी दिसतेय?” बाईंनी विचारलं.

“छान दिसतेस.”

“मग इथे उभे आहात तर नुसतंच बघा की. यंत्र कशाला?”

दुसऱ्या दिवशी कामावरून बघायला गेले तर फोनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. कॅमेरा सापडत नाही, म्हणे. संध्याकाळी घरी आले, पुन्हा फोन उघडला, बाई व्यवस्थित दिसल्या. पुढच्या दिवशी पुन्हा गोल गोल. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी व्हॅनमध्ये बसून डबा खाताना मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. घरात ते फोन घरच्याच वायफायवर उघडत होते. म्हणजे दार आतून तपासत होते. आत बसलेल्याला दाराची गरज काय? ही चूक ग्राहकाने केली असती तर मास्तरांनी त्याला तीनदा समजावलं असतं.

त्यापुढची चूक आणखी लाजिरवाणी होती. घरात राऊटर दोन होते. एक बाहेरच्या खोलीत दाराशी, कंपनीचा, कर्मचारी म्हणून मिळालेला. तो स्वतः मास्तरांनीच अकरा वर्षांपूर्वी भिंतीला ठोकला होता. दुसरा आतल्या खोलीत, लेकीचा. लग्नाआधी ती घरून काम करायची तेव्हा तिने तो आणला होता, कारण बाहेरचा सिग्नल आत नीट पोचायचा नाही. आता ती दूरच्या शहरात, राऊटर इथेच. मास्तरांनी नियम लिहिला होता तो लेकीच्या राऊटरमध्ये. पण बाहेरून येणारी टकटक आधी येणार कंपनीच्या डब्यावर, आणि त्याला कॅमेऱ्याचं काही माहीतच नाही. मोठ्या इमारतीत मजल्यावरच्या शिपायाला सांगून ठेवावं, ‘पाहुणे आले की सोडा’, आणि फाटकावरच्याला सांगायचं विसरावं, तसं झालं होतं. पाहुणे फाटकावरूनच परत जात होते. अकरा वर्षं रोज त्या डब्याखाली चपला काढून मास्तरांना तो डबा दिसायचाच बंद झाला होता.

रविवारी त्यांनी दोन्हीकडे नियम लिहिले. कंपनीच्या डब्याला सांगितलं, टकटक आली की लेकीच्या राऊटरकडे पाठव. लेकीच्या राऊटरला सांगितलं, तुझ्याकडे आली की कॅमेऱ्याकडे पाठव. लेकीचा राऊटर काढूनच टाकला असता तर काम निम्म्याने कमी झालं असतं, पण तसं केलं की आतल्या खोलीत सिग्नल पुरेना, आणि बाईही म्हणाल्या, “तिचा आहे तो, राहू दे.” मग मास्तर तीन मजले उतरून रस्त्यावर गेले, फोनचं वायफाय बंद केलं आणि विजेच्या खांबाला टेकून कॅमेरा उघडला. पलंग दिसला, उशी दिसली, पेपर वाचणाऱ्या बाई दिसल्या. मास्तरांच्या जिवात जीव आला. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत होते, कारण साठीला टेकलेला माणूस फोनकडे बघून एकटाच हसत होता.

सोमवारी ते दिवसभर बघत होते. पहिल्या घरात राऊटरच्या मागे वाकल्या वाकल्या बघितलं, दुसऱ्या घरात ग्राहक पाणी आणायला गेला तेवढ्यात बघितलं. साडेअकराला बाई पलंगाच्या कडेला येऊन काठी शोधताना दिसल्या, आणि मास्तरांनी ताबडतोब फोन लावला.

“उठू नकोस हां. दिसतंय मला.”

 बाई म्हणाल्या, “बरं.” आणि कॅमेऱ्यात त्या परत मागे सरकल्या.

संध्याकाळी मास्तर फार खुशीत होते. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं: एक वाजता तू तोंड उघडं टाकून झोपली होतीस, अडीचला तुझं पांघरूण खाली घसरलं होतं, तीनला डोळे पुसत होतीस, डोळ्यांत काही गेलं होतं का? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “बारीक लक्ष आहे तुमचं,” एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी सव्वादहाला फोनवर पुन्हा गोल गोल.

आता मास्तर रीतसर कामाला लागले. ते रोज दुसऱ्यांसाठी करत होते तेच. प्रथम वाटलं, घराचा इंटरनेटवरचा, बाहेरचा पत्ता बदलला असेल. कंपनी तो अधूनमधून बदलते. त्यावर उपाय केला. बुधवारी पुन्हा बंद. मग वाटलं, कंपनीच्या डब्याने लेकीच्या राऊटरला दिलेला आतला पत्ता बदलला असेल, म्हणजे फाटकावरचा शिपाई पाहुण्याला भलत्याच मजल्यावर पाठवत असेल. तो पत्ता कायमचा बांधून टाकला. गुरुवारी बंद. शुक्रवारी साहेबांची मनधरणी करून, कंपनीने आपला बाहेरचा पत्ता चार घरांत मिळून वाटलेला तर नाही ना, ते तपासून घेतलं. नव्हता. “मास्तर, तुमच्याच घरी तक्रार?” असं साहेब म्हणाले, आणि मास्तर त्यावर हसले, कारण हसणंच सोपं होतं. शनिवारी बंद. आणि रोज संध्याकाळी ते घरी येऊन, पुन्हा खाली रस्त्यावर जाऊन बघत, तेव्हा सगळं सुरळीत चालू. बिघाड दिवसा कामावर जायचा आणि संध्याकाळी मास्तरांच्या आधी घरी यायचा.

दोन आठवड्यांत मास्तरांच्या नाकी नऊ आले. दिवसभर दुसऱ्यांचं दुरुस्त करायचं, संध्याकाळी तीन मजले चढायचे, जेवण गरम करायचं, बाईंना भरवू का विचारलं की “उजवा हात आहे मला” हे ऐकायचं, भांडी घासायची, आणि मग चष्मा लावून त्या दोन डब्यांच्या मागे लागायचं. लेकीने फोनवर सांगितलं, “बाबा, नवीन कॅमेरा घ्या ना सरळ, मी पाठवते.” तिला काही तरी तुटक बोलले, मग त्याचंही वाईट वाटत राहिलं. झोपेत त्यांना तो फिरणारा गोल दिसायचा आणि त्याच्या मागे कुठेतरी चालू असलेला नळ ऐकू यायचा. दमलो, असं ते कोणाला म्हणाले नाहीत. आडवी पडलेली बाई घरात असताना उभ्या माणसाने दमलो म्हणायचं कुठे?

बाई मात्र या दिवसांत जरा बऱ्या वाटत होत्या. जेवण जास्त जायला लागलं होतं. एकदा तर मास्तर राऊटरशी झटापट करत असताना म्हणाल्या, “सोडून द्या हो. किती मागे लागाल त्याच्या?” आणि मास्तर इतके चिडले, की सात महिन्यांत कधी तेवढे चिडले नव्हते. “तुला काय कळणार त्यातलं,” ते म्हणाले. एक्स्चेंजमध्ये दोनशे लाइनी सांभाळलेल्या बाईला हे म्हणाले. बाईंनी फक्त भुवई उचलली.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी साडेसातला मास्तरांनी फोनवर लेकीच्या राऊटरचं सेटिंगचं पान पुन्हा एकदा उघडलं, आणि इतके दिवस डोळ्यांखालून जाऊनही न वाचलेली एक ओळ वाचली. राऊटर सुरू होऊन किती वेळ झाला, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे होतं, एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे पाच चाळीसला तो सुरू झाला होता. मास्तर साडेसहाला घरी आले होते. कंपनीच्या डब्याचं पान उघडलं. तो एकेचाळीस दिवस अखंड चालू होता. म्हणजे वीज गेली नव्हती. फक्त आतलाच डबा बंद पडत होता. ग्राहकाकडे गेल्यावर मास्तर तोंड उघडून पहिला प्रश्न विचारत तो हाच, की डबा मुळात चालू आहे का. तो त्यांनी स्वतःच्या घरी तीन आठवडे विचारला नव्हता.

अडॅप्टर तापत असेल म्हणून तो बदलायला ते पलंगाशेजारी वाकले. विजेचा बोर्ड तिथे खाली होता, पलंगावरून हात पोचणार नाही इतका. पांढऱ्या बटणावर काळे गोल डाग होते, एकावर एक, पुष्कळ. मास्तरांनी बोटाने एक पुसून बघितला. रबराचा डाग होता. पलंगाला टेकवून ठेवलेल्या काठीच्या टोकाला काळं रबर होतं.

मास्तर वाकलेलेच राहिले. बाई पलीकडे तोंड करून झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. तीस वर्षांत या बाईने आपल्याला ताकास तूर लागू न देता असं काही केलं नव्हतं, असं मास्तरांना वाटलं, आणि लगेच वाटलं, की केलं असलं तरी आपल्याला कळलं कुठे असतं. त्यांनी अडॅप्टर बदलला नाही. 

दुसऱ्या दिवशी तिसरं घर झाल्यावर त्यांनी साहेबांना सांगितलं, एक तास घरी जाऊन येतो. अकराला ते आपल्या दारात उभे होते. किल्ली त्यांनी आवाज न करता फिरवली, आणि फिरवता फिरवता स्वतःचीच लाज वाटली. आत गेले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

बाई जमिनीवर होत्या.

 मास्तर धावणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “थांबा तिथेच. हात लावायचा नाही.”

त्या पडलेल्या नव्हत्या. एका उशीवर बसल्या होत्या आणि उजव्या हाताने, उजव्या टाचेने जोर लावून खोलीच्या मधोमध पोचल्या होत्या. लुळा पाय मागून ओढला जात होता. पुढे चहाचा मग होता. तो त्या हातभर पुढे सरकवायच्या, मग स्वतः तेवढ्या सरकायच्या. तोंडातून लाळ आली होती, ती खांद्याला पुसली. केस विस्कटले होते, गाऊन गुडघ्याच्या वर गेला होता. मास्तर चौकटीला धरून उभे राहिले आणि बाई सरकत सरकत खिडकीखाली पोचल्या. तिथे फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. त्यात बसल्या, पाठ भिंतीला टेकली, आणि मांडीवरच्या फोनमध्ये बघितलं.

“चौदा मिनिटं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आलात म्हणून एखादं जास्त लागलं असेल. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला होता.”

“पडली असतीस म्हणजे?”

“दोनदा पडले. उठले.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? ‘उठू नकोस हां, दिसतंय मला.’” बाईंनी त्यांचा आवाज हुबेहूब काढला. “अहो, माणसाला रांगताना फक्त आईने बघायचं असतं. तुम्ही बघितलेलं मला नको होतं. झोपेत तोंड उघडं होतं, ते सांगताय. डोळे पुसले, ते सांगताय. रडायला दिवसभर एकटी असते, तेवढंच एक सुख होतं. तिथेही तुम्ही कपाटावर चढून बसलात.”

मास्तर म्हणाले, “मला भीती वाटते गं.”

“मला वाटत नाही?”

 मास्तर खाली बसले, गुडघ्यांना न विचारता. खिशातून फोन काढला. लेकीचा राऊटर बंद होता, म्हणून बाहेरच्या खोलीतून जेमतेम येणाऱ्या सिग्नलवर त्यांनी कंपनीच्या डब्याचं पान उघडलं, नियम शोधला आणि काढून टाकला. बाईंना फोन दाखवला. “बाहेरचं दार बंद झालं. आता आतलं चालू ठेव नाहीतर नको ठेवूस, कोणाला काही दिसणार नाही.”

बाईंनी स्क्रीन नीट वाचली. एक्स्चेंजची सवय, कोणी झालं म्हणालं म्हणून झालं असं त्या कधीच मानत नसत. मग मान हलवली. चहाचा घोट घेतला. तो केव्हाच थंड झाला असणार.

“फोन करा,” त्या म्हणाल्या. “तासातासाला करता तो करा. मी उचलीन. पण मी केला तर तुम्हीही उचला.”

“उचलतोच की.”

बाईंनी चहाचा मग खाली ठेवला. “अहो,” त्या म्हणाल्या, “मी एकोणीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले होते. रेंज नसली तर पलीकडे घंटीच वाजत नाही. त्या दिवशी माझ्या कानात तीन घंट्या वाजल्या आणि चौथी मधेच तुटली. दुसऱ्यांदा एकच वाजली.”

मास्तरांनी तोंड उघडलं. ते वाक्य नेहमीसारखं जिभेच्या टोकावर तयार होतं, सात महिन्यांत इतकं गुळगुळीत झालेलं की आपसूक बाहेर आलं असतं. ते आलं नाही.

“खांबावर होतो,” ते म्हणाले. “तुझं नाव बघितलं. वाटलं, येताना काहीतरी आणायला सांगणार असशील. कट केला. दोनदा.”

“हो.”

“तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“फरशीवर पडल्या पडल्या माहीत होतं.”

“मग एवढे दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते,” बाई म्हणाल्या. “सात महिने रोज वाटायचं, आज बोलतील. तर तुम्ही कॅमेरा आणलात.”

मास्तरांना रडू आलं. लोकांच्या घरी कपाटामागे तोंड घालून काम करणाऱ्या माणसाला रडायची सवय नसते, त्यामुळे ते नीट जमलंही नाही. नाक तेवढं भरून आलं आणि खांदे हलत राहिले. बाईंनी त्यांना हात लावला नाही, समजावलं नाही, उगी उगी म्हटलं नाही. त्या उन्हात बसून राहिल्या आणि त्यांचं संपेपर्यंत थांबल्या.

मग त्यांनी उशी खाली नीट केली आणि उजवी टाच फरशीवर रोवली.

“आता परत जायला मला चौदा मिनिटं लागतील,” त्या म्हणाल्या. “बसायचं तर बसा. पण मदत करायची नाही.”

मास्तर भिंतीला टेकून बसून राहिले.